डावीकडचा रकाना

“नीट लिहून ठेव, पोरी. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता,” बोऱ्हाडेमामा म्हणाले आणि समोरच्या खुर्चीच्या कडेवर जपून बसले.

अपघाताला तेव्हा बारा दिवस झाले होते. आमच्या दूध शीतकरण केंद्राच्या मशीनरूममध्ये अमोनिया गळला आणि आत गेलेला मदतनीस काशिनाथ वाकळे काही चालत बाहेर आला नाही. त्याला ओढून काढलं ते मामांनी. पंचवीस वर्षं तेच तिथला कॉम्प्रेसर चालवत होते. तोंडाला ओला पंचा बांधून ते आत शिरले, काशिनाथला पायाला धरून ओढत दारापर्यंत आणलं आणि तिथेच कोसळले. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांचा आवाज बसला होता आणि विसरायला व्हायचं. सकाळी जेवलो की नाही, हे ते बायकोला विचारायचे. त्या दिवशीचं तर तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. एक तुकडा हाती लागला की दुसरा निसटायचा.

मी चोवीस वर्षांची होते, ऑफिसात रोजंदारीवर टायपिस्ट. केंद्रात संगणक एक आणि तो चालवता येणारी मी एकटी, त्यामुळे माझी मिजास विचारू नका. दोन ओळींमधलं अंतर केसभर चुकलं तरी मी पान फाडून पुन्हा काढायची. मामा आमच्याच गल्लीतले. पोतदाराच्या शालनच्या टायपात चूक काढून दाखवा, असं ते चारचौघांत सांगत, आणि मी शेजारी उभी असले तर मुद्दाम मोठ्यानं सांगत.

“घाई नाही, बोऱ्हाडे. आठवेल तसं सांगा,” निकम साहेब म्हणाले. ते केंद्राचे व्यवस्थापक. आवाज कधी चढायचा नाही. सगळ्या केंद्रात मला ‘अहो पोतदार’ म्हणणारा तो एकच माणूस.

शुक्रवारी मुख्य कार्यालयातून सरनाईक साहेब चौकशीला येणार होते. मशीन गळतंय हे माहीत असून काशिनाथला आत कुणी पाठवलं, एवढंच त्यांना हवं होतं. ज्याचं नाव निघेल त्याची नोकरी जाणार आणि वर पोलीस केस होणार, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मामांची नोकरीची चार वर्षं उरली होती.

“दोघांचा मिळून एकच जबाब करू,” निकम साहेब म्हणाले. “वेगवेगळे केले की इकडचं तिकडे जुळत नाही आणि मग वकिली सुरू होते. पोतदार, तुम्ही एक तक्ता आखा. डावीकडे ज्यानं सांगितलं त्याचं नाव, उजवीकडे त्यानं सांगितलेलं. जसं बोलू तसं.”

मी दोन रकाने आखले. डावा अरुंद, उजवा रुंद. असं काम मला मनापासून आवडायचं.

“आधी माझं घ्या,” साहेब म्हणाले. “सोमवारपासून मशीनचं सील गळत होतं. मशीनरूममध्ये गॅसचा वास येत होता. हे मला माहीत होतं.”

माझे हात थांबले. मामांनीही मान वर केली.

“सायेब, म्याच आलो हुतो ना तुमाला सांगाया? आसं वाटतंय मला.”

“आला होतात. दोनदा आलात. पण ते तुम्ही नका सांगू, कशाला अंगावर ओढून घेता? मला माहीत होतं म्हणून मीच कबूल करतोय ना. तुम्ही मशीनच्या रजिस्टरबद्दल सांगा.”

“रजिस्टरात म्या लिवलं न्हाई,” मामा म्हणाले. “मला लिवाया जमत न्हाई.”

ते मी त्यांच्या नावापुढे नीट भाषेत घातलं. मग साहेब, मग मामा, मग पुन्हा साहेब. रविवारपर्यंत मशीन ओढता येईल असं मला वाटलं, कारण टाक्यांत अकरा हजार लिटर दूध होतं, हे साहेबांनी सांगितलं. मशीन मी चालू ठेवलं, हे मामांनी सांगितलं. काशिनाथला आत जाऊन बघायला मी सांगितलं, हे साहेब म्हणाले, तेही खिडकीबाहेर बघत, अगदी सावकाश. त्याच्या तोंडाला मास्क नव्हता, मास्क एकच होता आणि तो फाटका होता, हे मामांचं. मी त्याला ओढून बाहेर काढलं, हेही मामांचं, आणि तिथे त्यांचा आवाज पुरता गेला.

मामांनी डोळे पुसले. “सायेब, तुमी खरं बोल्ला. मला वाटलं न्हवतं.”

“माणूस गेलाय, बोऱ्हाडे,” साहेब म्हणाले.

मलाही भरून आलं. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या क्षणी मनात म्हटलं. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

सगळं बसून पान संपलं. दुसऱ्या पानावर फक्त शेवटचा नेहमीचा मजकूर गेला : वरील जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर व खरा आहे. खाली डावीकडे ‘जबाब देणार’ आणि उजवीकडे ‘समक्ष’. आमच्याकडे कुठल्याही जबाबावर अशा दोनच सह्या असतात, एक सांगणाऱ्याची आणि एक ज्याच्यासमोर सांगितलं त्याची.

“रेघा नकोत,” छापायच्या आधी साहेब म्हणाले. “चौकटीत जबाब म्हणजे रेशनकार्डासारखं दिसतं. साधं दिसू दे.”

मी तक्त्याच्या रेघा काढल्या. कागद छापून आला तो स्वच्छ, बिनरेघांचा. डावीकडे नावं, उजवीकडे वाक्यं. मी मामांना तो सगळा वाचून दाखवला. ते प्रत्येक नावावर बोट ठेवत होते. “हितं सायेब. हितं म्या. हितं सायेब.” मग त्यांनी दुसऱ्या पानावर ‘जबाब देणार’च्या वर आपली मोठी, लोळणारी सही केली. साहेबांनी ‘समक्ष’वर केली.

जबाब साहेबांनीही दिला होता आणि सही मात्र समक्ष म्हणून केली, हे माझ्या ध्यानात आलं. हुद्द्यानं तेच समक्ष सही करणार, दुसरं कोण करणार, असं वाटून मी ते सोडून दिलं. पहिल्या पानावर कुणाचीच सही नव्हती. ती आम्ही कधीच घेत नसू.

गुरुवारी सकाळी मी आले तेव्हा साहेब आधीच माझ्या टेबलाशी होते. हातात जबाबाची दोन्ही पानं. टाचणी काढून ठेवलेली.

“ती फाइल उघडा बरं, पोतदार.”

उघडली. पडद्यावर तक्ता दिसला, फिकट करड्या रेघांचा.

“काल रेघा काढल्या होत्या ना? या कसल्या?”

“या नुसत्या पडद्यावर दिसतात, साहेब. टाइप करणाऱ्याला कळावं, कुठला रकाना कुठे संपतो ते. कागदावर येत नाहीत.”

“कुणी बघायला आलं तर दिसतील?”

“पडद्यावर बघितलं तर दिसतील.”

“मग त्याही घालवा.”

पडद्यावर वर तक्त्याच्या कामांची एक यादी उघडते, तिच्या तळाला तशी सोय असते. एकदा दाबलं की रेघा दिसेनाशा होतात, पुन्हा दाबलं की दिसायला लागतात. रकाने असतात तिथेच असतात. मी दाबलं. करडी जाळी गेली आणि पांढऱ्या पडद्यावर नावं आणि वाक्यं नुसती उभी राहिली.

साहेब बराच वेळ बघत होते. मशीनरूम तेव्हा सीलबंद होती, कॉम्प्रेसर बंद, त्यामुळे ऑफिसात इतकी शांतता असायची की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. मला ती शांतता आवडत नव्हती.

“आता ती नावं उगाच लटकल्यासारखी दिसतात, नाही? तुम्हाला काय वाटतं?”

दिसत होती खरी. मी तसं म्हणाले. माझ्याच तोंडानं म्हणाले.

“नावं काढली तर कसं दिसेल? नुसतं करून बघा.”

“साहेब, पण मग कोण बोललं ते कसं कळणार?”

“नुसतं बघू हो. छापा कुठे म्हणतोय?”

मी एकेक नाव पुसत गेले. निकम, बोऱ्हाडे, निकम, बोऱ्हाडे. मग डावीकडे पांढरा पट्टा उरला. तो वाईट दिसत होता, म्हणून मी तो रकाना चिंचोळा केला आणि मजकूर डावीकडे सरकला. रकाना काढून टाकायचा तर दोन कळा दाबायच्या होत्या. तो मात्र मी काढला नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नावं परत घालायची वेळ आली तर जागा असावी, एवढंच मनात होतं.

“वाचा,” साहेब म्हणाले.

मी वाचायला लागले. “सोमवारपासून मशीनचं सील गळत होतं. मशीनरूममध्ये गॅसचा वास येत होता. हे मला माहीत होतं. रजिस्टरात मी लिहिलं नाही. मला लिहायला जमत नाही. रविवारपर्यंत मशीन ओढता येईल असं मला वाटलं, कारण टाक्यांत अकरा हजार लिटर दूध होतं. मशीन मी चालू ठेवलं. काशिनाथला आत जाऊन बघायला मी सांगितलं. त्याच्या तोंडाला मास्क नव्हता.”

पुढचं मला वाचवेना. एका माणसाचा जबाब होता तो. लिहायला न जमणाऱ्या माणसाचा. खाली सही करणाऱ्या माणसाचा.

“एक शब्द तरी बदललाय का आपण?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“आणि खोटा एक तरी आहे का?”

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा बघायला लागले.

“पहिलं पान थोडं कमी भरलंय,” ते म्हणाले. “खाली जागा उरलीय. ती बरी नाही दिसत. सह्यांचं दुसरं पान तर काल छापलेलंच वापरायचंय.”

“साहेब, मामांना हे…”

“बोऱ्हाड्यांना चार वर्षांनी घरीच बसायचंय. तब्येत ही अशी. त्यांना कोण तुरुंगात टाकतंय? गॅस खाल्लेला माणूस, सगळे दया करतील. माझी दोन मुलं शिकतायत, पोतदार.” त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. “तुमचा कायम करायचा प्रस्ताव तयार आहे. उद्या सरनाईक साहेबांच्या हातातच देतो. तीन वर्षं झाली ना तुम्हाला?”

झाली होती. दर महिन्याला उद्यापासून येऊ नका म्हणतील, या धाकात तीन वर्षं. घरी आईनं तर पहिल्या कायम पगाराचं नवसापासून सगळं ठरवून ठेवलं होतं. पण मी आईवर ढकलणार नाही. मला ती खुर्ची हवी होती. त्या खुर्चीलाही मीच हवी होते, असं मला वाटायचं.

मी ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं. पान खालपर्यंत भरलं. छापून दुसऱ्या पानाला लावून पाहिलं. बेमालूम जुळलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला, इतकं सगळं कळत असूनही, काम चांगलं झाल्याचा आनंद झाला. तो आनंद मी स्वतःला कधी माफ करू शकले नाही.

कालचं पहिलं पान साहेबांनी घडी करून खिशात घातलं.

शुक्रवारी अकराला सरनाईक साहेब आले. वाळलेला, चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर काशिनाथची बायको सुमन येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माझा माणूस आत कुणी धाडला ते ऐकून जाईन, एवढंच ती शिपायाला म्हणाली होती, आणि मग तिला उठवायचं धाडस कुणाला झालं नाही.

मामांना खुर्ची दिली. मी कोपऱ्यात संगणकाशी होते. निकम साहेब दाराशी उभे. सरनाईक साहेबांनी जबाब स्वतः मोठ्यानं वाचला. मामा मान हलवत ऐकत होते. ‘काशिनाथला आत जाऊन बघायला मी सांगितलं’ इथे त्यांची मान थांबली.

“ते म्या न्हाई, सायेब.”

“काय नाही?”

“काशिनाथला म्या न्हाई धाडलं. आसं वाटतंय मला.”

“वाटतंय म्हणजे?”

मामांनी कपाळ चोळलं. “त्या कागदावर नावं हुती. हितं त्यांचं, हितं माजं. म्या बोट ठिवलं हुतं.”

सरनाईक साहेबांनी पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. “यावर कुठलीच नावं नाहीत. सही तुमचीच ना ही?”

“माजीच.”

“निकम, काय आहे हे?”

“दवाखान्यातून आल्यापासून त्यांचं असं होतं, साहेब,” निकम साहेब हळू आवाजात म्हणाले, आणि त्यात खरंच माया होती. “घरीही विसरतात. त्यांच्या मिसेसना विचारा.”

सरनाईक साहेब उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“तुम्ही टाइप केलंत?”

“हो.”

“फाइल आहे यात? दाखवा.”

मी उघडली. पडद्यावर साधा, स्वच्छ मजकूर आला. परिच्छेदाखाली परिच्छेद. ते वाकून बघत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज माझ्या कानाशी येत होता.

“मला यातलं फार कळत नाही,” ते म्हणाले. “पण हा माणूस शपथेवर सांगावं तसं सांगतोय, की नावं होती. होती का?”

माझा हात माउसवर होता. वर तक्त्याची यादी, तिच्या तळाला ती एक ओळ. दाबली असती तर करडी जाळी उभी राहिली असती. प्रत्येक वाक्य आपापल्या चौकटीत, आणि प्रत्येक चौकटीच्या डावीकडे एक चिंचोळी रिकामी चौकट. या कशाच्या, असं विचारल्याशिवाय तो माणूस हलला नसता. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. आजवर मी त्या एका बोटाएवढ्या हालचालीचा इतका विचार केलाय, की माझं ते बोट मला ओळखीचं वाटत नाही.

दाराशी निकम साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते प्रस्तावाची फाइल हातात धरून उभे होते.

“जसं सांगितलं तसंच टाइप केलंय,” मी म्हणाले. “एकही शब्द बदललेला नाही.”

मग मामांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

“सायेब, तिला नका तरास देऊ,” ते म्हणाले. “ती पोरगी चुकत न्हाई. आख्ख्या गावाला म्हाईत हाय. तिनं लिवलंय म्हंजी म्याच म्हनलो आसन. माजंच डोस्कं जाग्यावर न्हाई.”

“म्हणजे कबूल आहे?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारायला. लहान मूल रस्ता ओलांडताना मोठ्यांकडे बघतं, तसं. मी पडद्याकडे बघत राहिले.

“कबूल हाय,” मामा म्हणाले.

त्याच महिन्यात त्यांना काढून टाकलं. केस चार वर्षं चालली आणि निकाल लागायच्या आधीच ते गेले. मी कायम झाले. निकम साहेब बदलून दुसऱ्या केंद्रावर गेले, तिथून निवृत्त झाले. हे सगळं रीतसर झालं, आणि यातलं बरंचसं टाइप मीच केलं.

पण माझ्या मनातून जात नाही ती त्यानंतरची पाच मिनिटं. मामा खुर्चीतून उठले, भिंतीला धरत व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. सुमन बाकावरून उठली. काय झालं, असं तिनं विचारलंही नाही, नुसती उभी राहिली. मामांनी तिच्यापुढे हात जोडले.

“सुमन, काशिनाथला म्या धाडलं आत,” ते म्हणाले. “मला आठवत न्हाई, बाय. पन म्याच धाडलं. लिवलेलं हाय.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ज्यानं तिच्या माणसाला ओढून बाहेर काढलं, त्याच्याकडे. मग तिनं पदर तोंडाशी घेतला आणि ती पायऱ्या उतरून गेली. मामा हात जोडून तसेच उभे होते, ती फाटकाबाहेर गेली तरी.

मी धावत जायला हवं होतं. मी संगणक बंद केला. शिपाई आत आला, निकम साहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितलाय म्हणाला, आणि एक कप त्यानं माझ्यापुढे ठेवला. तो मी प्यायले.